पोट रिकामं होईपर्यंत

अन्याय झाला तो माझ्या मित्रावर, अमोलवर. २०२० च्या जुलैत, मेलबर्न दुसऱ्यांदा बंद झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यात, पॉइंट कुक उपनगरातल्या एका घराच्या मालकाने त्याला सांगितलं, "शनिवारपर्यंत खोली रिकामी कर." अमोलचा गुन्हा एवढाच, की तो युनिव्हर्सिटीत शिकता शिकता एका वृद्धाश्रमात साफसफाईच्या शिफ्ट करायचा, आणि त्या दिवसांत वृद्धाश्रमांची नावं रोज बातम्यांत येत होती. त्याला ना ताप होता ना खोकला. मालक आपलाच, मराठी. गणपतीत तबक घेऊन फिरणारा. ज्या आठवड्यात त्याने अमोलला काढलं, त्याच आठवड्यात त्याने फेसबुकवर कोविडच्या आघाडीवर राबणाऱ्या कामगारांचे हात जोडून आभार मानले होते. फोटोसकट.

दुसरा अन्याय ठोंब्यावर. ठोंब्या म्हणजे अमोलचा निळ्या जिभेचा सरडा. आपल्याकडच्या सापसुरळीचा थोरला भाऊ म्हणा; हातभर लांब, आखूड पायांचा, पाव-बटर खाऊन सुस्तावल्यासारखा. त्याला काचेची पेटी लागते, वर उष्णतेचा दिवा लागतो. अमोलला ज्या मित्रांनी जागा दिली, त्यांच्या खोलीत गाद्या टाकल्यावर दार उघडायला जागा उरत नव्हती. पेटी कुठे ठेवणार? क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाला स्नेहल नावाची अमोलची मैत्रीण होती. तिच्याकडे असले सरडे होते, परवाना होता, आणि ती ठोंब्याला घ्यायला तयार होती. पण मध्ये दोन राज्यांच्या सीमा आणि मेलबर्नचा हिवाळा. आणि गंमत बघा, क्वीन्सलँडची सीमा अमोलला बंद होती. सरड्याला उघडी होती, कारण सरडा मालात मोडतो.

त्या मालकावर मी तेव्हा एक पत्रक लिहिलं होतं, त्याला तेवढं पुरे. हे लिहितेय ते बॉक्सवाल्या ताईंबद्दल. ठोंब्या जिवंत पोचला तो त्यांच्यामुळे, आणि त्यांच्याबद्दल कोणी पत्रक काढत नाही.

बॉक्सवाल्या ताईंना सरपटणारे प्राणी अजिबात आवडायचे नाहीत. हे आधी सांगते, कारण त्यांना फक्त ऐकून ओळखणाऱ्यांना वाटायचं की बाई प्राणिवेडी असणार, गळ्यात अजगर घालून फिरत असणार. छे. टीव्हीवर साप दिसला की त्या पाय सोफ्यावर घ्यायच्या. बॉक्समध्ये ठेवायला सरडा हातात घेतला, की मान पूर्ण उलट्या बाजूला वळवायच्या आणि ओठ असे आवळायच्या की जणू कोणी कडू काढा पाजतंय. मी एकदा विचारलं, "ताई, आवडत नाही तर करता कशाला?" त्या म्हणाल्या, "मला तो आवडायची काय गरज आहे? त्याने पोचायची गरज आहे." मी तेव्हा बावीस वर्षांची होते. माणसाने माणसावर प्रेम केलं की सगळं आपोआप सुटेल, अशा आशयाची बरीच पत्रकं लिहून झाली होती. हे वाक्य मला तेव्हा फार कोरडं वाटलं.

ताई नागपूरच्या. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायच्या. रक्ताचे, थुंकीचे नमुने थर्मोकोलच्या बॉक्समध्ये ठरावीक तापमानात पाठवणं हा त्यांच्या कामाचा भाग. लॅबमधल्या एका सहकाऱ्याला त्याची पाल ॲडलेडला बहिणीकडे पाठवायची होती. ताई म्हणाल्या, रक्त पोचतं तर पाल का नाही पोचणार? ती पोचली. मग त्या सहकाऱ्याचा मित्र आला, मित्राचा शेजारी आला, आणि पश्चिम मेलबर्नच्या सरडेवाल्यांमध्ये ताईंचं नाव झालं. नम्रपणा त्यांच्यात नावाला नव्हता. "अजून माझा एकही मेला नाही," हे त्या नव्या माणसाला हात धुवायच्या आधी सांगायच्या.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेसाठी घरमालकांविरुद्ध पत्रकं लिहायची, आणि ती छापून आणून ठेवायची घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये. ताई ती वाचायच्या आणि शुद्धलेखन सुधारायच्या. "'शोषण' बरोबर लिहिलंयस. 'पिळवणूक'मध्ये वेलांटी ऱ्हस्व कर. आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेव, उद्या गाडी येते." लॉकडाऊनमध्ये पत्रकं वाटायला बंदी आली तेव्हा गठ्ठेच्या गठ्ठे पडून राहिले. ताईंनी त्यांचे बोळे करून बॉक्समध्ये सरड्यांच्या आजूबाजूला भरायला सुरुवात केली. "बघ, पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडली," म्हणाल्या. मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं: "लोक मायेने भाजतात." थंडी म्हटली की माणूस घाबरतो आणि बॉक्समध्ये गरम पुड्या कोंबतो. हातमोज्यात ठेवतात तसल्या पुड्या, हवा लागली की तापणाऱ्या. ताई सांगायच्या, थंडीने सरडा मंदावतो, बधिर होतो, पण थोडा वेळ तग धरतो. बंद डब्यात उष्णता वाढली तर त्याला पळायला जागा नसते, तो शिजतो. म्हणून पुडी एकच. ती वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाला आतून चिकटवायची, सरड्याच्या अंगाला लागेल अशी कधीच नाही. भोकं हवीतच, सरड्यालाही श्वास घ्यायचाय आणि पुडीलाही. बॉक्स थर्मोकोलचा, भाजीवाल्याकडे ब्रोकोली येते तो. रिकामा बॉक्स आत तापमापक ठेवून मागच्या अंगणात थंडीत ठेवायचा आणि येता-जाता आकडा बघायचा. तो स्थिर राहिला तरच त्यात जीव ठेवायचा. एका दाढीवाल्या गोऱ्याने आग्रह केला होता, "माय गर्ल गेट्स कोल्ड, अजून दोन घाला ना." ताईंनी त्या दोन पुड्या त्याच्याच जॅकेटच्या खिशात घातल्या. "यू कीप वॉर्म, मेट. शी इज फाइन."

आणि सगळ्यात मोठा नियम पोटाचा. प्रवासाआधी आठवडाभर तरी खायला द्यायचं नाही, पण दिव्याखाली ऊब द्यायची. सरड्याचं पोट उष्णतेवर चालतं. ऊब असली तर खाल्लेलं पचतं आणि बाहेर पडतं. भरल्या पोटी थंड बॉक्समध्ये गेला तर अन्न आत तसंच राहून कुजतं, किंवा ओकारी होते आणि तो त्यातच गुदमरतो. "थंडी नाही मारत, जेवण मारतं," असं ताई प्रत्येकाला बजावून सांगायच्या. आपल्या लोकांना तर दोनदा सांगायच्या.

अमोलला त्यांनी तीनदा सांगितलं. मालकाने नोटीस दिली त्याच दिवशी मी त्याचा फोन ताईंना जोडून दिला होता. "जय भीम ताई," अमोल म्हणाला. "जय भीम. खायला काय घातलंस शेवटचं?" ताई म्हणाल्या. त्याची चौकशी नंतर. आठवडा मिळतच नव्हता, पण सरड्याने सुदैवाने आधीच काही दिवस तोंड लावलं नव्हतं. हिवाळ्यात त्यांची भूक जाते. ताईंनी हिशोब करून सांगितलं, आजपासून कण नाही द्यायचा, रविवारच्या विमानाने जाईल. कागदपत्रं झाली. ब्रिस्बेनच्या कार्गोवर स्नेहल गाडी घेऊन येणार होती.

शनिवारी सकाळी अमोल आला. एक सूटकेस, कुकर, काचेची पेटी आणि कोटाच्या आत, छातीशी धरलेला ठोंब्या. मास्क लावून गॅरेजच्या दाराशी उभा. ताईंनी मान वळवली, ओठ आवळले, ठोंब्याला उचललं आणि पोटावरून अंगठा फिरवला. मग मान पुन्हा सरळ केली आणि त्याच्याकडे चक्क बघितलं. मी त्यांना सरड्याकडे बघताना पहिल्यांदाच पाहिलं.

"याने काय खाल्लंय?"

"काही नाही ताई. शपथ."

"अमोल, मी लॅबमध्ये काम करते. माझ्याकडे खोटं सॅम्पल चालत नाही."

अमोलने मान खाली घातली. "आजींनी दिलं. मी बाथरूममध्ये होतो."

आजी म्हणजे मालकाची आई. मार्चमध्ये नातवाला बघायला आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. मुलाने अमोलशी बोलायलासुद्धा बंदी केली होती. पण तो निघाला त्या सकाळी मुलगा-सून मीटिंगमध्ये असताना त्या हळूच त्याच्या खोलीत आल्या. त्याच्या हातावर दही ठेवलं. आणि ठोंब्यासमोर तूप-भात आणि पिकलेलं केळं कुस्करून ठेवलं. भूक गेलेल्या ठोंब्याने सगळं चाटूनपुसून खाल्लं. केळं बघून त्याचीही शुद्ध हरपते. अमोल बाहेर आला तेव्हा आजी म्हणाल्या, "रिकाम्या पोटी कुणाला घराबाहेर काढू नये रे. मला माझ्या पोरापुढे बोलता येत नाही. निदान एवढं तरी."

मी भडकले. त्या घराने आधी हाकललं आणि वर खायला घालून मारलं, असं काहीतरी बोलले. ताईंनी मला गप्प केलं. "त्या बाईला नाव ठेवू नको. तिने तिच्या परीने निरोप दिला. सरड्याला ते चालत नाही, हे तिला कोणी सांगितलं होतं?"

"मग आता?" मी विचारलं. "उद्याचं विमान आहे. अमोलला आज संध्याकाळी मित्रांच्या त्या खोलीत जायचंय. तिथे दिव्याला प्लगसुद्धा नाही. तुम्ही एक पुडी जास्त घाला ना, ऊब राहील, पचेल."

"एक पुडी जास्त म्हणजे केळ्याची वाफ आणि शिजलेला सरडा. मी मेलेला पार्सल करत नाही."

"न पाठवता तो त्या खोलीत मरेल!"

"ओरडू नको. पत्रक नाहीये हे."

ठोंब्या अमोलच्या कोटात परत गेला होता, आणि अमोल कोटावरून हात फिरवत होता. तीन वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा ज्या घरात पहिली खोली मिळाली, त्या घरातल्या निघून गेलेल्या पोराचा हा सरडा. या देशात अमोलचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. हे मला माहीत होतं.

ताई उठल्या आणि त्यांनी गॅरेजमधली गाडी बाहेर रस्त्यावर लावली. परत आल्या आणि म्हणाल्या, "पेटी त्या कोपऱ्यात. प्लग तिथे आहे. गादी आतून आण गं. पोट रिकामं होईपर्यंत राहा दोघं. आणि अमोल, आत्ता जाऊन टेस्ट करून ये. रिझल्ट येईपर्यंत गॅरेजच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. टॉयलेट मागच्या दाराने. जेवण मी दाराशी ठेवीन."

मला ते खटकलं. मी म्हटलं, "ताई, मग त्या मालकात आणि आपल्यात फरक काय? तोही लांबच ठेवत होता."

ताई भाताचा कुकर लावत होत्या. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "लांब राहा म्हणणारी माणसं मला नवीन नाहीत बेटा. माझ्या आजीपासून बघत आलोय आम्ही. ती माणसं ताट ठेवत नाहीत. लांब ठेवणं वेगळं आणि बाहेर काढणं वेगळं. ताट वाढ."

मी वाढलं. वांग्याची भाजी होती.

मग सुरू झालं वाट बघणं. आयुष्यात मी निवडणुकीच्या निकालाची इतकी वाट पाहिली नाही, जितकी त्या सरड्याच्या शीची पाहिली. टेस्ट निगेटिव्ह आली, त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. ताई शिफ्टला निघताना गॅरेजच्या दारावर टकटक करायच्या. "झालं?" "नाही ताई." शिफ्टवरून आल्या की पुन्हा. "झालं?" "नाही ताई." मधल्या सुट्टीत लॅबमधून फोन. तिकडे लॅबमध्येसुद्धा म्हणे पैज लागली होती. अमोलने ठोंब्याला कोमट पाण्यात बसवलं, दिव्याखाली ठेवलं, विनवण्या केल्या. ठोंब्या आपला डोळे मिटून शेठजीसारखा पडून. एक विमान गेलं. पुढचं रद्द झालं. बाहेर सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता, आणि अमोल दर संध्याकाळी म्हणायचा, "ताई, मी जातो. फार झालं तुम्हाला." ताई म्हणायच्या, "तुला कोण अडवून राहिलं? सरड्याचं पोट अडवून राहिलंय."

एका दुपारी गॅरेजमधून अशी आरोळी आली की मला वाटलं आग लागली. "झाली! ताई, झाली!" ताई कधी नव्हे ते धावत गेल्या. चष्मा लावून, वाकून, पूर्ण तपासणी केली. केळं ओळखू येत होतं. "उत्तम सॅम्पल," म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही गुलाबजाम केले, पाकिटातले.

तरी त्यांनी लगेच पाठवलं नाही. दुसऱ्यांदा झाल्यावर, पोटावरून अंगठा फिरवून समाधान झाल्यावरच विमान ठरवलं. पाठवायच्या सकाळी त्यांनी उशीचा जुना अभ्रा घेतला आणि उलटा केला, शिवण बाहेर. शिवणीचा दोरा आत राहिला तर नख अडकतं. ठोंब्याला अभ्र्यात ठेवलं, तोंड दुमडून गाठ मारली. अभ्रा भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, बाजूने माझी पत्रकं, म्हणजे हलला तरी लोळू नये. डबा ऊब दिलेल्या ब्रोकोलीच्या बॉक्समध्ये. झाकणाला एक पुडी. मग बॉक्स बंद करण्याआधी ताईंनी डोळे मिटून हात आत घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. "जा," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या, कोण जाणे.

कार्गोच्या खिडकीवरच्या माणसाने बॉक्स घेतला, "नो वरीज, लव्ह," म्हणाला आणि आत निघाला. ताईंनी त्याला परत बोलावून बॉक्स हीटरपासून लांब ठेवायला सांगितला. दोनदा.

दुपारभर आम्ही फोनकडे बघत बसलो. शेवटी स्नेहलचा व्हिडिओ कॉल आला. ती गाडीत होती, ब्रिस्बेनच्या पार्किंगमध्ये. तिने अभ्रा सोडला. ठोंब्या बाहेर आला तो लाकडाच्या तुकड्यासारखा. डोळे मिटलेले, पाय पोटाशी. ताईंनी अमोलच्या हातातला फोन काढून घेतला. "स्नेहल, घाबरू नको. घासू नको, एकदम गरमही करू नको. तळहातावर ठेव नुसता. थांब." स्नेहल थांबली. आम्ही थांबलो. मग ठोंब्याने एक डोळा उघडला, दुसरा उघडला, आणि ती निळी, जाड, शाईत बुडवल्यासारखी जीभ कॅमेऱ्याच्या तोंडावर बाहेर काढली.

अमोल गॅरेजच्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडला.

"काहून रडून राहिला बे? पोचला ना?" ताई म्हणाल्या. मग फोनकडे बघून, "शी. काय किळसवाणी जीभ आहे," आणि हसल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. इतक्या दिवसांत त्या घरात कोणी मोठ्याने हसलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. स्नेहल तिकडून सांगत होती की बोळ्यातलं एक पत्रक तिने उलगडून वाचलं आणि तिला सभासद व्हायचंय. मला त्याचं काहीही वाटलं नाही. नुसतं सुटल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी अमोल गादी गुंडाळायला लागला. ताई दाराशी आल्या. "गादी कुठे नेतोस?"

"तुम्ही म्हणाला होतात ताई, पोट रिकामं होईपर्यंत."

"मग? आता गॅरेज मोकळं ठेवून मी काय नाचू? गाडीला बाहेरची सवय झालीये. ठेव गादी." आणि मला म्हणाल्या, "याला लिहून दे गं. किती दिवस आधी सांगितल्याशिवाय मी याला काढू शकत नाही, ते. तुझ्या पत्रकात असतं ना ते सगळं." मी लिहिलं, त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून सही केली. लॉकडाऊन उठून बराच काळ गेला, तरी अमोल तिथेच होता. त्याचं शिक्षण त्याच गॅरेजमध्ये पुरं झालं. पुढे त्याला टूवूंबाच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि तो ठोंब्याजवळ गेला.

ताई आता नागपुरात आहेत, त्यांच्या आईजवळ. जाताना त्यांना विमानतळावर सोडायला मी गेले होते. दुसऱ्यांचे जीव इतके नेमके बांधणाऱ्या बाईची स्वतःची सूटकेस चेक-इनसमोर फुटली. आतून लोणच्याची रिकामी बरणी, स्वेटर आणि तीन तापमापक बाहेर आले. आम्ही दोघींनी त्या बॅगेवर बसून ती बंद केली. मिठी मारताना त्यांनी मान वळवली नाही. "रागाने लिहीत जा," म्हणाल्या, "पण वाचणाऱ्याने काय करायचं ते शेवटी नीट लिहीत जा. तुझी पत्रकं तिथेच कच्ची असतात."

तर नीट लिहिते. तुमच्या घरात कोणी भाड्याने राहत असेल, पॉइंट कुक असो, सिडनीचं स्कोफिल्ड्स असो की दुसरं कुठलं नवं उपनगर असो, तर त्याच्याशी लेखी करार करा. आपण सगळे मराठी, आपल्यात कागद कशाला, हे बोलू नका. अमोलच्या मालकानेही तेच म्हटलं होतं. त्याला जायला सांगायचं असेल तर निदान महिनाभर आधी सांगा. त्याचं सामान असतं, कोणाकोणाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो, आणि काही गोष्टी शनिवारपर्यंत आवरतच नाहीत. हे वाचून झाल्यावर उद्यावर टाकू नका. उठा, त्याच्या खोलीचं दार वाजवा, आणि त्याला विचारून तो कागद आजच लिहा.